पुसायचा तो पुजला

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे आणि मला किळस आली आहे. जुन्या वस्तूने आपली गोष्ट सांगताना गोड बोलावं, अशी रीत आहे. पण ज्याच्या प्रशांत महासागराला आमरस फासला गेला, त्याने आणखी किती गोड व्हावं?

एका कारखान्यात माझा जन्म झाला. संत्र्याच्या फोडींसारखे निमुळते कागद पुठ्ठ्याच्या पोकळ गोळ्यावर चिकटवले, आणि बघता बघता माझ्या अंगावर समुद्र भरले, डोंगर उठले. मग मला कललेल्या दांडीवर बसवलं. तेव्हा मी इतका स्वच्छ होतो की माझ्यावर बसलेली माशीसुद्धा पाय पुसून बसली असावी.

अमळनेरच्या एका शाळेत मी बरीच वर्षं काढली. तपासणीला साहेब आले की मला टेबलावर ठेवत. "वा, छान गोल आहे," म्हणत, आणि मी परत कपाटात. एक गुरुजी मात्र मला नेमाने बाहेर काढायचे. तंबाखू मळलेल्या बोटाने ते देश दाखवायचे. ऑस्ट्रेलियाच्या पोटावरचा तपकिरी डाग त्यांचाच. पुढे वर्गात भिंतीवर चित्रं दाखवणारा पडदा आला आणि मी रतिलाल भंगारवाल्याकडे गेलो. तिथे तेलाच्या रिकाम्या डब्यांवर पडून होतो. खवट वासाने पुठ्ठ्यालाही मळमळतं, हे मला तिथे कळलं.

तिथून मला सारिकाताईंनी उचललं. भुसावळजवळच्या दीपनगरात त्यांचं घर. खिडकीत तिथल्या वीजकेंद्राची राख बसते, ती त्या दिवसातून कितीदा तरी पुसतात. त्यांची लेक कामिनी शाळेच्या गोंगाटात लाजाळूच्या पानासारखी मिटून जायची, म्हणून ताई तिला घरीच शिकवतात. घरातल्या शाळेचं नवं वर्ष त्या आखाजीला सुरू करतात. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात. या वर्षीचा विषय ठरला होता 'देवाची पृथ्वी'. जगात जिथे जिथे माणूस हात जोडतो, ती ती जागा माझ्यावर शोधायची: मानसरोवर, लुंबिनी, मक्का, जेरुसलेम. आणि पहिला पाठ सगळ्यांत सोपा. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पाय टेकवण्याआधी धरणीला म्हणायचं, "माय, तुझ्यावर पाय ठेवते, माफ कर."

कामिनीने माझ्यावर आधी आपली तापी शोधली. ती नव्हतीच. एवढ्याशा गोलावर तिला कोण जागा देणार? कामिनीने निळ्या पेनाने केसासारखी रेघ ओढली आणि ती गुजरातच्या कडेला समुद्रात नेऊन सोडली.

"इथून निघाले की सगळीकडे जाता येतं," ती म्हणाली. तिला माझ्यासकट सगळं जग फिरायचं होतं. मला वाटलं, अखेर माझे दिवस पालटले.

मग आखाजी उजाडली. ताई बाजाराला निघाल्या. दारातूनच सासूबाईंना म्हणाल्या, "अक्का, तेवढा तो गोल पुसून ठेवा. आल्यावर पाठ सुरू करायचाय."

सासूबाई म्हणजे द्रौपदाबाई, पारोळ्याकडच्या. त्या अहिराणी बोलतात, आणि सगळे त्यांना अक्काच म्हणतात. नेमकी तेव्हा कुकरची शिटी झाली. आणि सणाच्या सकाळी अक्कांच्या कानात दुसरा शब्द शिरणार तरी कसा? पुसूनचं पुजून झालं.

आखाजीला पितरांच्या नावाने मातीची घागर भरतात आणि तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवतात. अक्कांनी मला दांडीवरून उपटलं आणि डांगराच्या जागी घागरीवर बसवलं. अंटार्क्टिका पाण्यात, आर्क्टिकवर कुंकू. हळद, ओले तांदूळ, झेंडू. नैवेद्याच्या वेळी माझं तोंड कुठे ते त्यांना कळेना. सगळ्यांत मोठी जागा पाहून त्यांनी प्रशांत महासागराला आमरस लावला. आणि वर गाऊ लागल्या:

"घागर भरी ठेवी, वर ठेवू काय?
धरतरी माय मनी, बठ्ठासनी माय."

म्हणजे धरती माझी माय, सगळ्यांची माय. आवाज इतका गोड की रागावताही येईना. रसाचे ओघळ मात्र हिंदी महासागरापर्यंत गेले होते.

ताई परतल्या आणि दारातच थांबल्या. "अक्का, पुसून म्हटलं होतं मी. पुसून."

"तूच ते सांगं ना, पुजीसन ठेवा," अक्का म्हणाल्या. "मनी चूक नही, कानसनी शे. आनि काय बिघडनं? डांगर बी गोल, पिरथी बी गोल."

मांडलेली पूजा हलवत नाहीत. मी तसाच बसलो, दुसऱ्या सकाळपर्यंत. खालून पाणी चढत होतं, वरून रस आंबत होता. मुंग्यांनी आफ्रिकेतून युरोपात रांग लावली. कुणी मला पुजलं, कुणी नमस्कार केला, पण फिरवलं एकानेही नाही. सकाळी मला उचललं तेव्हा माझा दक्षिण ध्रुव लगदा होऊन घागरीतच राहिला.

"अक्का, मी चिकटवते," कामिनी म्हणाली.

"पुजेल वस्तूले कातर लावू नही, माय. उकिरडावर बी टाकू नही. तापीमायमा सोडनी पडी."

कामिनीने आईकडे पाहिलं. पण ताई स्वतःही तेच मानणाऱ्या. पोरीने मला पोटाशी धरलं. तिचा फ्रॉक चिकट झाला, पण तिने हात ढिला केला नाही.

रिक्षाने आम्ही तापीवर गेलो. मित्रांनो, आता जे सांगतो ते जेवताना वाचू नका. उन्हाळ्यात पाणी आत सरकलेलं. काठावर काळा, बुळबुळीत चिखल. त्यात कुजलेल्या हारांचे ढीग, प्लास्टिकच्या पिशव्या, फुटक्या काचांच्या तसबिरी, हात तुटलेल्या मूर्ती. एका मूर्तीच्या मांडीवर कुत्रं झोपलं होतं. हे सगळे माझ्यासारखेच, कधीतरी पुजलेले. रतिलालच्या दुकानाला मी नावं ठेवली होती. तिथे निदान भंगाराला भंगार तरी म्हणत.

कामिनीने चप्पल काढली, एक पाय उचलला आणि तशीच थांबली.

"आई, माफी मागून पाय ठेवायचा ना? मग इथे कुठे ठेवू?"

ताई नाकाला पदर लावून तिच्यासाठी स्वच्छ जागा शोधू लागल्या.

"आणि अक्का," कामिनी म्हणाली, "ही तापी मीच काढलीय गोलावर. तिला परत तापीत टाकायचं? या घाणीत? तुम्हीच गायलात ना, बठ्ठासनी माय?"

अक्का उत्तर द्यायला पुढे झाल्या आणि त्यांचा पाय घोट्यापर्यंत रुतला. बाहेर काढला तर त्याला एक तसबीर चिकटून आली. त्यांनी तळहाताने चिखल सारला. आत सप्तशृंगीची देवी होती. अक्कांच्या देवघरात आहे, तशीच.

"आठे टाकं कोनी तुले, माय?" अक्का हळूच म्हणाल्या. मग लुगड्याच्या पदराने तो चेहरा पुसत राहिल्या. पदर काळा झाला तरी थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "चाला घर. दोन्हीसले लई चाला."

अशी आम्ही दोघं घरी आलो, देवी आणि मी. दोघांनाही वास येत होता. मी परत दांडीवर बसलो आहे, आणि माझ्या तळाला आता वहीच्या कोऱ्या कागदाचा अंटार्क्टिका आहे. तो पांढराच असतो, त्यामुळे शोभतो. प्रशांत महासागर अजून किंचित चिकट आहे आणि चुकार मुंगी तिथे येतेच. 'देवाची पृथ्वी' दुसऱ्या दिवशी सुरू झाली. पहिल्या पाठाच्या वेळी अक्का ओलं फडकं घेऊन आल्या. त्यांनी मला उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत पुसलं. मग माझ्यावर बोट ठेवून मलाच पुसलं, "बोल बाबा, आज कथा जानं शे?" अहिराणीत कथा म्हणजे कुठे.

कामिनीने मला फिरवलं.

मित्रांनो, पुसणे या शब्दाचे दोन अर्थ आहेत. स्वच्छ करणं आणि विचारणं. माझ्या वाट्याला दोन्ही फार उशिरा आले. तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा असेल, आणि तुम्ही ज्याच्यावर पाय ठेवता तो मोठा गोल तर सगळ्यांच्याच घरी आहे. त्याला पुजावंसं वाटलं तर जरूर पुजा. पण आधी पुसा.