भुरीबाईचा उजवा डोळा

मी भुरीबाईचा उजवा डोळा बोलतोय. डाव्याचं नाव निघालं की माझं माथं भडकतं, हे आधीच सांगून ठेवतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या बाईची कोरडवाहू ज्वारी. आम्ही दोघं तिच्या कपाळाखाली हाडाच्या खोबणीत चाळीस वर्षं शेजारी राहिलो. पुढे काचेसारखा पारदर्शक पडदा, मागे बाहुली, तिच्यामागे भिंग. हे भिंग सगळं उलटं करून मागच्या पडद्यावर टाकतं. झाडांचे शेंडे खाली, मुळं वर! तिथून नसेच्या लाखो तारा निघतात. मेंदूखाली आमच्या नसा भेटतात, अर्ध्या तारा बाजू बदलतात आणि डोक्याच्या पार मागच्या भागात पोचतात. खरं बघणं तिथं होतं. आम्ही नुसते हमाल.

दिवाळीआधी शेजारच्या झुलालचे बैल आमच्या ज्वारीत शिरले. बाईने काठी हाणून हाकलले. झुलाल शिव्या देत धावला आणि त्या माजोरड्याने पाखरांवरची गोफण बाईवर फिरवली. दगड येताना मी पाहिला. पापण्या मिटायच्या आत तो डाव्यात घुसला. पडदा फाटला, भिंग फुटलं, आतलं पाणी रक्तासकट गालावर ओघळलं. मेल्या, तुझे हात झडोत!

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी टाके घातले. म्हणाल्या, "अक्का, हा डोळा आता बघणार नाही. त्याच्या आतला भाग उघडा पडलाय. शरीराचे शिपाई त्याला परका समजून तुमच्या चांगल्या डोळ्यावरही तुटून पडू शकतात. चौदा दिवसांच्या आत हा काढू द्या."

आमची बाई म्हणाली, "महिनाभर थांबा, बाई. मन्ही पोर ललितानं लगीन शे. एक डोयानी माय देखीसन नवरदेवना घरना काय म्हनतीन?"

तिचा नवरा दिवल्याही तसलाच. "फुटेल व्हई, पन जागावर तं शे!"

अगं बाई, माझा तरी विचार कर! पण डोळ्याला तोंड कुठलं? चौदा दिवस गेले.

चौथ्या आठवड्यात हल्ला झाला. तिच्याच रक्तातले शिपाई माझ्या घरात घुसले. मी लालभडक सुजलो. उजेड सुरीसारखा खुपसायचा. मग धुकं आलं. बाईने पदर पुढे ओढला आणि कुणाला सांगितलं नाही.

हळदीच्या दिवशी पिवळ्या साड्यांतल्या पोरी समोर उभ्या राहिल्या. मी जीव खाऊन बघितलं. नुसते पिवळे डाग. बाईने एकीचं तोंड ओंजळीत धरलं, मुके घेतले, हुंदके देत म्हणाली, "सुखी ऱ्हाय, मन्ही ललिता."

ती ललिताची मैत्रीण होती.

"माय," बाजूने ललिताचा आवाज आला, "मी आठे शे."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. बाई आवाजाच्या दिशेने अक्षता टाकत होती. सासरी जायच्या आधी ललितानेच तिला धुळ्याला आणलं. आता रोज औषध चालू आहे. मला उजेड-अंधार तेवढा कळतो. पुढचं डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत.

बायांनो, फुटक्या डोळ्याची लाज धरू नका, वेळेत काढू द्या. लेकीच्या लग्नात तोंड पुरं दिसावं म्हणून माझी बाई थांबली. ते लग्न तिने पाहिलंच नाही.