तेरावा खण

माणसाच्या हातून चूक झाली की तो आधी आजूबाजूला बघतो. कुणी पाहिलं नसेल तर चूक पायाखाली सरकवतो आणि वर साळसूदपणे चहा मागवतो. आमच्या मशीनला ही कला येत नव्हती. म्हणून मला ते माणसांपेक्षा जवळचं वाटायचं.

मी तेव्हा पुण्यातल्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये प्रोग्रॅम लिहायच्या कामाला होतो. वडील दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर. आपला पोरगा नक्की काय करतो, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही; 'मोठ्या मशीनवर हाय' एवढंच ते अभिमानाने सांगत. मशीन मोठं होतंच. एक अख्खी खोली त्याने अडवली होती आणि तिथे बारा महिने माघातली थंडी असायची.

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, शिरूर-दौंडकडच्या एका साखर कारखान्याने ऊसतोडीची यादी पहिल्यांदाच मशीनवर काढायचं ठरवलं. कुणाचा ऊस आधी तुटणार आणि कुणाचा मागून, यावरून तिकडे सख्खे भाऊ बोलेनासे होतात. तयार ऊस वेळेत तुटला नाही तर त्याला तुरे फुटतात, तो आतून वाळतो, आणि दीड वर्षाच्या कष्टाची चिपाडं होतात. यादी हाताने व्हायची तोवर वशिल्याच्या तट्टांची चलती होती. शेवटी सभासदांच्या सभेत खुर्च्या उडाल्या आणि ठराव झाला, की जो ऊस आधी लावला तो आधी तोडायचा, आणि यादी पुण्याचं मशीन करील. मशीनला ना सोयरा, ना धायरा.

यादी न्यायला कारखान्याचे शेतकी अधिकारी साहेबराव फराटे जीप घेऊन आले. हे मांडवगण फराटा गावचे. उंचेपुरे, बोलायला दिलखुलास, उसाचं कांडं हातात घेऊन वय सांगतील असे. जीपमधून त्यांनी पंच केलेल्या कार्डांचे खोके उतरवले. एक कार्ड म्हणजे एक शेतकरी: नाव, गाव, उसाची जात, लागवडीचा महिना. खेड्यात लागवड कधीची विचारलं तर माणूस मराठी महिना सांगतो. म्हणून गावोगावच्या क्लार्कांनी चैत्राला एक, वैशाखाला दोन असे आकडे टाकायचे, आणि माझ्या प्रोग्रॅमने त्यावरून उसाचं वय काढायचं, असं ठरलं होतं.

खोलीबाहेर चपला काढून साहेबराव आत आले, कुडकुडले आणि उपरणं कानाला गुंडाळून स्टुलावर बसले. मी कार्डं लावली. मशीनने भराभर कार्डं गिळायला सुरुवात केली आणि मध्येच ते थांबलं. प्रिंटर खडखडला, कागदाची लांबलचक पट्टी बाहेर आली, आणि सगळं शांत झालं.

"मेलं का काय?" साहेबराव म्हणाले.

"मेलं," मी म्हणालो. "पण बघा, सांगून मेलं."

मी त्यांना तो कागद दाखवला. आम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या मागे मशीनमध्ये एक राखणदार बसलेला असतो. प्रोग्रॅम काही भलतंच करायला लागला की तो त्याला तिथल्या तिथे मारतो. पण मारण्याआधी सगळं छापून ठेवतो: कितव्या ओळीवर मेला, हातात कुठलं कार्ड होतं, काय मागत होता. त्याखाली मशीनच्या पोटात त्या क्षणी जे काही होतं, त्याच्या आकड्यांची पानंच्या पानं. याला आम्ही डंप म्हणत असू. एरवी माणूस मेल्यावर दुसरे पंचनामा करतात. हा आपला आपण करून जातो.

डंप वाचायला फार वेळ लागला नाही. मी महिन्यांसाठी बारा खण केले होते, फडताळाला असतात तसे. प्रत्येक खणात तो महिना वर्षाच्या कितव्या दिवशी सुरू होतो, तो आकडा. या कार्डाने तेरावा खण मागितला होता. तेरावा खण नव्हताच, म्हणून राखणदाराने फटका दिला.

ते कार्ड बाजूला काढून मशीन पुन्हा सुरू केलं. थोडं पुढे जाऊन ते पुन्हा मेलं. पुन्हा तेरा. तेही काढलं; पुन्हा तेरा. साहेबरावांच्या कपाळावरची आठी वाढत चालली.

"आवो रणपिसे, ही तपासणी कुणी बसिवली?"

"मीच."

"काढता येती?"

"येते. प्रोग्रॅमचं एक कार्ड बदललं की राखणदार झोपतो."

"मंग झोपवा की त्याला! चार-दोन कार्डांपायी समद्या तालुक्याचा ऊस उभा ठिवायचा का? परवा कारखान्याच्या गव्हाणीत पैली मोळी टाकून गाळप सुरू करायचं हाय. तोडीच्या टोळ्या येऊन बसल्यात, बैलं पेंड खात्यात. यादी न्हाई म्हनून सांगू का त्यास्नी?"

त्यांचं बोलणं काही चूक नव्हतं. माझे वरिष्ठही दारातून डोकावून तेच म्हणाले. तपासणीने प्रोग्रॅम हळू चालतो, ही त्यांची नेहमीची कुरकुर होती. मी तपासणी काढली, बाजूची कार्डं परत गठ्ठ्यात घातली आणि मशीन सुरू केलं.

या वेळी काही मेलं नाही. प्रिंटर सुरात वाजत राहिला आणि यादी सरळ, सुबक, एकाही खाडाखोडीशिवाय बाहेर पडली. साहेबरावांनी ती मांडीवर घेऊन तिच्यावरून असा हात फिरवला की जणू नातू झालाय. मग जीपमधून पेढ्यांचा पुडा मागवला.

माझ्या तोंडात पेढा होता, पण डोक्यात तेरा होता. नसलेल्या खणातून प्रोग्रॅमने काढलं तरी काय? मी यादीच्या शेवटाकडे गेलो आणि ती नावं तिथे सापडली, अगदी तळाला, मे महिन्याच्या तोडीत. कारणही लगेच दिसलं. राखणदार झोपल्यावर प्रोग्रॅमने बाराव्या खणाच्या पुढे हात घातला होता आणि शेजारच्या फडताळातलं हाती लागेल ते उचललं होतं. शेजारी उसाच्या जातींचे नंबर होते. पहिलाच सातशे चाळीस. तिकडे शिवारभर हीच जात. तो नंबर प्रोग्रॅमने दिवस समजून मोजला. त्या हिशेबाने हे ऊस अजून लावलेच नव्हते. माणसाच्या डोक्यावर दोन हात उंच उभा असलेला ऊस कागदावर जन्मलाच नव्हता, आणि तसं कागदावर कुठेही म्हटलेलं नव्हतं. सगळं कसं छान छापलं होतं.

मग मी नावं वाचली. सगळी एकाच वस्तीची, खुटबावच्या पलीकडची. त्यात एक नाव होतं सारजाबाई ओव्हाळ.

सारजाबाई माझी मावशी. नवरा गेल्यावर तिने लोकांच्या बांधावर खुरपून दिवस काढले, आणि नवऱ्याच्या वाट्याच्या पडीक तुकड्यात आयुष्यात पहिल्यांदा ऊस केला. मागच्या वर्षी मी गेलो तेव्हा ती बेण्याच्या टिपऱ्या मांडत होती. एवढी घाई कशाला, विचारलं तर हसून म्हणाली होती, "आरं, धोंड्याचा म्हैना हाय न्हवं! गावात कुनी चांगल्या कामाला हात लावीना. बेनं पडून, मानसं रिकामी. आपुन पाळत न्हाई धोंडा-बिंडा, मंग बसायचं कशाला?" वस्तीतल्या साऱ्या घरांनी तेच केलं होतं. आमच्याकडे छप्पन्न सालीच, दीक्षेबरोबर, पंचांग घराबाहेर गेलं. बाकीचा गाव श्रावण उजाडायची वाट बघत बसला होता.

अधिक महिना. तेरावा. क्लार्कला त्याचा आकडा कुणी दिला नव्हता, आणि मी तो मागितला नव्हता. बिचाऱ्याने बारानंतर तेरा येतो एवढ्या शहाणपणावर तेरा लिहून मोकळं केलं होतं.

मी साहेबरावांना यादीचा तळ दाखवला. मावशीचं नावही सांगितलं. न सांगता बोलणं मला खोटेपणाचं वाटलं असतं.

ते आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची मावशी व्हय? आदी सांगायचं की. तिचं नाव मी हातानं वर घालतो. एका वळीचा परश्न हाय, कुनाला कळायचं बी न्हाई."

मला संताप आला. आणि खरं सांगायचं तर संतापापेक्षा मोह जास्त झाला. मावशीचा ऊस सुटत होता, साहेबराव खूश, वरिष्ठ खूश, आणि मला घरी जाऊन जेवता येत होतं. बाकीची नावं मला चेहऱ्यांनी माहीत होती, पण ती काही माझ्या मावश्या नव्हत्या. मी उठून पाणी प्यायलो. पाणी पिताना वाटलं, मशीनला हे सुचलं नसतं.

"साहेब," मी म्हणालो, "तुमच्या रानात ऊस कवा लावला?"

"नागपंचमी झाल्यावर. का?"

"त्याच्या आधी का नाही?"

"आदी धोंडा व्हता ना. त्यात कोन लावतंय?"

"हे लावतात," मी तळाच्या नावांवर बोट ठेवलं. "तेरा म्हणजे धोंड्याचा महिना."

साहेबराव यादीकडे बघत राहिले. शेतकी अधिकारी माणूस, हिशेब त्यांचा त्यांनाच कळत गेला. कारखान्याने नोंदी आषाढ संपल्यावर उघडल्या होत्या. मग धोंडा. मग श्रावण.

"म्हंजी ह्यांचा ऊस..." ते म्हणाले.

"तुमच्या आधीचा. सगळ्यांच्या आधीचा."

"आन् आपुन त्यो मे म्हैन्यात तोडनार." त्यांनी कानाचं उपरणं सोडलं. "रणपिसे, मी लई ऊस बघितला. उभा पिकलेला ऊस वाळताना बघवत न्हाई. मग तो कुनाचा बी आसू दे." मग स्वतःशीच म्हणाले, "पर चेअरमनला ह्ये सांगनार कोन?"

"हे सांगा," असं म्हणून मी डंपचा कागद त्यांच्या हातात दिला. "मशीन मेलं, आणि कशानं मेलं ते यात लिहिलंय. माणसाशी भांडता येतं, याच्याशी कसं भांडतील?"

त्यांनी ती सुबक यादी माझ्या टेबलावर ठेवली आणि कागदाची भली मोठी घडी करून बंडीच्या खिशात कोंबली. पेढ्यांचा पुडा मात्र विसरले.

दुसऱ्या दिवशी मी फडताळाला आणखी एक खण केला, श्रावणाच्या आधी धोंडा कितव्या दिवशी लागला तो आकडा त्यात भरला आणि राखणदाराला जागं केलं. मशीनने सगळी कार्डं खाल्ली आणि ते मेलं नाही. यादीची पहिली ओळ छापून आली तेव्हा चेअरमनला डंप दाखवून परत आलेले साहेबराव माझ्या शेजारीच उभे होते. वस्तीतली घरं एकाखाली एक आली होती, आणि अगदी वर मावशी होती. एकाच महिन्याच्या लागवडीत कमी रान आधी, हा नियम कारखान्याचाच होता. साहेबरावांनी ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं आणि यादी गुंडाळली.

गव्हाणीत पहिली मोळी चेअरमनांच्याच हस्ते पडली, हार-नारळ झालं, ते काही बदललं नाही. पण तोडीची पहिली टोळी कुठे जायची, ते यादीवरून ठरलं. मी आदल्या दिवशीच दौंडला आलो होतो. सकाळी सायकल काढून वस्तीवर गेलो, तर मावशीच्या बांधाशी बैलगाड्या उभ्या होत्या आणि मावशी हात पसरून वाट अडवून उभी होती.

"चुकलात तुमी," ती मुकादमाला सांगत होती. "पाटलांचा फड वड्याच्या पल्याड हाय. हितं आमची घरं हायती, आमचा नंबर शेवटाला आसतो. जावा बाबांनो, उगं तुमचा येळ जाईल."

टोळीचा मुकादम म्हाळू चिठ्ठी पुढे करत होता. "बाई, तुमचंच नाव हाय वो हिच्यात. पैलं नाव हाय."

तेवढ्यात तिने मला पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. हाताला धरून तिने मला बाजूला नेलं.

"भिमा, तू केलंस व्हय रं हे? माजं नाव तू घुसिवलंस?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "आरं, कुनी वळखलं तर नोकरी जाईल की तुजी! माजं काय, वाळला तर वाळला, दुसऱ्याच्या बांधावर खुरपं हायेच. त्यास्नी माघारी घालीव. आत्ताच्या आत्ता घालीव."

तिचं नाव हाताने घालायला मी होकार दिला असता, तर या क्षणी तिच्या डोळ्याला डोळा देऊन मी काय सांगितलं असतं?

"मावशे, मी काय बी घुसिवलं न्हाई," मी म्हणालो. "आय शप्पत. तू धोंड्यात लावलास ना? तवा गावात कुनीच लावला न्हाई. तुमचा ऊस समद्यांच्या आदीचा हाय, म्हनून आदी तुटनार."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी खोटं बोललो की लहानपणापासून तिला कळायचं. तिने बराच वेळ पाहिलं, मग मटकन बांधावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली, चांगली हुंदके देऊन. बैलं कान हलवत उभी होती. म्हाळूने कोयता खाली ठेवला आणि तो दुसरीकडे बघू लागला.

मग ती उठली, पदर कमरेला खोचला आणि म्हाळूचा कोयता उचलून फडात शिरली. पहिला ऊस तिने बुडातून तोडला, त्याचं पाचट सोललं आणि म्हाळूच्या हातात दिला.

"लावला व्हता की आमी," ती त्याला म्हणाली, जणू त्यानेच तिला विचारलं होतं. "समद्यांच्या आदी लावला व्हता."