सतरा नंबरची सायकल

गावाच्या माहितीचा फॉर्म माझ्या गळ्यात पडला, कारण सात-दहाच्या गाडीची वाट बघत असताना कचेरीतल्या क्लार्कने मला गाठलं. "तू सायन्सवाली, तुला आकडे जमतात," म्हणाला, आणि मी तोंड उघडायच्या आत चार पानं हातात कोंबून पसार झाला. लोकसंख्या, इतिहास आणि सोयीसुविधा भरून महिनाअखेर द्यायच्या होत्या.

इतिहास एका परिच्छेदात आटोपला. आधी दगडखाण होती, खाणीसाठी रेल्वेचा फाटा आला, मग खाण संपली आणि फाटा उरला. आता गाडी थांबते म्हणून लोक इथे राहतात, आणि लोक राहतात म्हणून गाडी थांबते. सकाळी सगळे शहरात कामाला जातात, संध्याकाळी झोपायला परत येतात. मीही त्यातलीच. शहरातल्या एका प्रयोगशाळेत रबराचे सील आणि नळ्या तपासते, त्यांतून किती हवा गळते ते मोजते.

सोयीसुविधांमध्ये सायकल स्टँड होता. खाणीच्या जुन्या शेडमधला हा स्टँड महिनाअखेर बंद होणार होता, कारण पलीकडे मोटरसायकलींसाठी नवी जागा झाली होती. तरी फॉर्ममध्ये 'क्षमता' असा रकाना होताच, म्हणून मी सायकली मोजायला गेले.

"काय बेचाळीस, आज पायीच?" स्टँडवाल्या काकांनी विचारलं. काका कुणालाही नावाने हाक मारत नाहीत. सायकल ठेवली की पितळेचा बिल्ला मिळतो, त्यावरचा नंबर हेच माणसाचं नाव. "अकराला ताप आलाय" म्हणजे दवाखान्यातले डॉक्टर आजारी आहेत. काकूंना तुम्ही काय म्हणता, असं मी लहानपणी विचारलं होतं, तेव्हा काका गंभीरपणे म्हणाले होते, "तिला नंबर नाही. ती मालक."

सायकली अडतीस भरल्या. सदतीस रोजच्या, आणि कोपऱ्यात सतरा नंबरची. ती माझ्या दादाची.

दादा नऊ वर्षांपूर्वी परदेशी गेला, तेव्हा कॅरिअरला बॅग बांधून याच सायकलवरून स्टँडपर्यंत आला होता. बिल्ला तो चुकून बरोबर घेऊन गेला, असं आम्ही धरून चाललो होतो. आई पुढच्याच महिन्यात सायकल आणायला गेली होती, पण काकांनी दिली नाही. बिल्ला दाखवेल त्याची सायकल, हा स्टँडचा नियम. मधे एकदा दादा बारा दिवसांसाठी येऊन गेला. भाड्याची गाडी, बायको, तान्हं मूल. स्टँडकडे फिरकलाही नाही.

आता मात्र बिल्ल्याशिवाय उरलेल्या सायकली शेवटच्या दिवशी घरच्यांनी न्यायच्या, नाहीतर भंगारात, असं काकांनी पाटीवर लिहिलं होतं. आईने ते ऐकल्यापासून व्हरांड्यातली चपलांची फळी हलवून सायकलपुरती जागा मोकळी केली होती. "आला की लागेल त्याला," ती म्हणाली.

मोजणी संपवून निघताना मी सहज सतराच्या मागच्या चाकावर अंगठा दाबला. टायर दगडासारखा कडक.

मी परत दाबला. पुढचाही कडक. भरलेली ट्यूब नुसती उभी राहिली तरी महिन्याभरात मऊ पडते; हवा रबरातून झिरपत राहते, तिला भोक लागत नाही. हे मी पगार घेऊन मोजते. नऊ वर्षं पडून असलेल्या सायकलचे टायर रिमला चिकटून तडकलेले असायला हवे होते.

"काका, यात हवा तुम्ही भरता?"

"मी कशाला भरू? माझी सायकल आहे?"

"मग कोण?"

"बेचाळीस, तू क्षमता लिहायला आली होतीस ना? लिही शंभर."

मी शंभर लिहिलं, आणि ते पलीकडे वळल्यावर व्हॉल्व्हच्या टोपीवर आणि खालच्या नळीवर मिळून पेन्सिलची एक बारीक रेघ मारली. टोपी काढून परत लावली, तर रेघ जुळणार नाही.

मंगळवारी रेघ जुळत होती. बुधवारी जुळत होती. गुरुवारी संध्याकाळी गाडीतून उतरून पाहिलं, तर वरची रेघ एका बाजूला, खालची दुसऱ्या. मी नवी रेघ मारली. पुढच्या आठवड्यातही तेच झालं, पुन्हा गुरुवारी, सकाळी सात आणि संध्याकाळी सात यांच्या मधे. म्हणजे गाव रिकामं असताना.

मधल्या रविवारी दादाचा फोन आला. आई स्वयंपाकघरात होती, तेवढ्यात मी विचारून घेतलं, "दादा, तुझ्या सायकलचं काय करायचं?"

"कुठली सायकल?"

"स्टँडवरची. सतरा नंबर."

"अगं, ती अजून आहे?" तो मनापासून हसला. मागे त्याचा मुलगा मला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी मागत होता. "टाकून द्या. आईला सांग, गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घे."

गोळ्यांचं मी आईला सांगितलं.

तिसऱ्या गुरुवारी रजा टाकली. आपलं गाव कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता मी शेवटचं कधी पाहिलं होतं, ते आठवेना. मी ते दोन्ही टोकांनीच ओळखत होते, सकाळची घाई आणि संध्याकाळचे दिवे. मधला भाग कुणी दुसरंच वापरत होतं. टपाल कार्यालयातला माणूस पाकिटांच्या टेबलावर डोकं ठेवून झोपला होता. दवाखान्यातल्या नर्सबाई पायरीवर बसून मोज्याचं भोक शिवत होत्या. घरांना कुलपं, दोऱ्यांवर कपडे, आणि फलाटावरच्या एकुलत्या एक बाकाच्या सावलीत, बाकाच्या आकाराचं झोपलेलं कुत्रं.

साडेबाराला काका जेवायला घरी गेले. शेडला दार नाहीच. मी तिकीटखिडकीच्या आडोशाला उभी राहिले. दहा मिनिटांनी ग्रंथालयवाल्या बाई आल्या. चाळिशीच्या अलीकडच्या, केस घट्ट बांधलेले, चष्मा दोरीला. गुरुवारी ग्रंथालय बंद असतं, हे मी स्वतः फॉर्ममध्ये लिहिलं होतं.

त्यांनी खिळ्यावरचा पंप काढला, टोपी फिरवून पदराच्या टोकात ठेवली आणि मोजून वीस वेळा हवा मारली. मग पुढच्या चाकातही तसंच, आणि चेनला तेलाचे तीन थेंब.

मी पुढे झाले. त्या दचकल्या नाहीत. टोपी लावत म्हणाल्या, "पेन्सिलची रेघ तुझीच ना? मला वाटलंच. पुस्तकातही तू अशाच रेघा मारतेस. दंड लावायला हवा होता."

"बाई, तुम्ही का..."

त्यांनी पर्समधल्या आतल्या कप्प्यातून पितळेचा बिल्ला काढला. सतरा.

"गाडीत चढताना दिला त्याने. म्हणाला, दोन वर्षांचा प्रश्न आहे, बिल्ला असला की सायकल कुठे जात नाही." त्या बाकाकडे बघत होत्या. "तो रोज संध्याकाळी मासिकं चाळायला यायचा. मी दिवे घालवेपर्यंत बसायचा. आमचं बोलणं असं फार नव्हतंच. पण दिवे मी जरा उशिरा घालवायचे."

"तुमच्याकडे बिल्ला होता, तर सायकल न्यायची होती."

"नेली असती तर बिल्ला परत द्यावा लागला असता."

कुत्रं उठलं, सावलीबरोबर थोडं सरकलं आणि परत झोपलं.

"त्याची गाडी मी खिडकीतून पाहिली होती," त्या म्हणाल्या. "तो आला होता तेव्हा. मला सगळं कळतं गं, मी खुळी नाही. मी वाट बघत नाही. हवा भरते, एवढंच. सवय लागते." त्यांनी बिल्ला माझ्यापुढे धरला. "घे. तुझी आई जागा करून बसलीय, काकांनी सांगितलं मला. घरची वस्तू घरी जाऊ दे." मी हात पुढे केला तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तो काही म्हणाला का सायकलबद्दल?"

प्रयोगशाळेत नको तो आकडा आला की पहिल्यांदा वाटतं, मोजण्यात चूक झाली असेल, परत मोजू. पण मला नीट ऐकू आलं होतं. काहीतरी बरं सांगता आलं असतं. त्या आणखी नऊ वर्षं त्यावर काढतील, असं वाटलं.

"टाकून द्या म्हणाला," मी म्हटलं. "अजून आहे का, असं विचारून हसला."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग मूठ मिटून बिल्ला मागे घेतला.

"मग परत कुणाला करायची? टाकलेली वस्तू उचलेल त्याची." मूठ घट्ट होती. "तुझ्या आईला काय सांगशील?"

"बघते," मी म्हटलं.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी स्टँडवर दहा-बाराच सायकली उरल्या होत्या. बाई रांगेत उभ्या राहिल्या, त्यांची पाळी आली तेव्हा बिल्ला टेबलावर ठेवला. काकांनी तो उचलून उजेडात धरला, जणू खोटा असायची शक्यता आहे, आणि म्हणाले, "या, सतरा."

बाईंनी सायकल बाहेर काढली, आणि तेव्हा आम्हा तिघांच्याही लक्षात आलं की सीट दादाच्या उंचीची आहे. बाईंचे पाय पेडलला पोचणंच शक्य नव्हतं.

"खाली करू?" काकांनी विचारलं.

त्यांनी आधी सीटवर हात ठेवला. "करा."

पाना लावला, पण दांडा आत जाईना. जेवढा नऊ वर्षं बाहेर राहिला होता, तेवढ्यावर गंज चढला होता. काकांनी पॉलिश पेपरने घासलं, थोडं तेल सोडलं, मग लाकडी ठोकळा ठेवून वरून हातोडी मारली. तीन बोटं, चार बोटं. बाई प्रत्येक ठोक्याला पापणी मिटत होत्या, पण "बस" म्हणाल्या नाहीत. अखेर त्या बसल्या, एक पाय जमिनीवर टेकवून तोल पाहिला आणि गेल्या. वळणावर जरा डगमगल्या. जायच्या आधी घंटी वाजवून पाहिली होती, ती वाजली.

घरी आई व्हरांड्यात झाडू घेऊन उभी होती. मोकळ्या केलेल्या जागेत एक पान आलं होतं, ते ती काढत होती.

"दुसऱ्या कुणी नेली," मी म्हटलं. "ग्रंथालयवाल्या बाईंनी. बिल्ला त्यांच्याकडे होता. दादाने दिला होता, जाताना. त्याच हवा भरायच्या, दर गुरुवारी."

आईने ते पान उचललं, हातात तसंच ठेवलं. मला वाटलं, ती चिडेल.

"नऊ वर्षं?" तिने विचारलं. मग, जराशाने, "चालवता येते का तिला?"

"डगमगतात. पण येते."

चपलांची फळी तिने जागेवर सरकवली नाही. पुढच्या आठवड्यात मी कामावरून आले, तर चहा ओतता ओतता तिने आपणहूनच सांगितलं.

"आज अकरा वाजता घंटी वाजली. त्याची."

"बाई ग्रंथालयात जात असतील."

"माहीत आहे मला. तरी गॅसवरचं दूध तसंच सोडून फाटकापर्यंत गेले. उतू गेलं सगळं."

"मग?"

"मग काय. ती थांबली, मी थांबले. सीट केवढी खाली केलीय गं तिने." आईने कप माझ्यापुढे सरकवला. "म्हटलं, उद्या दहा मिनिटं आधी निघ. चहा घेऊन जा."