परडीचं पाचवं दार

मित्रांनो, देवघराशेजारच्या खुंटीला ही काळपट टोपली लटकलेली दिसते ना, ती मी. टोपली म्हटलेलं मला चालतं, पण माझं खरं नाव परडी. तुमच्या गावात मला कुणी ओळखतं की नाही, ठाऊक नाही. आमच्या सोलापुरात मात्र मंगळवारी किंवा शुक्रवारी एखादी बाई अनवाणी दारात आली, तिच्या हातात माझ्यासारखी परडी असली आणि तिनं "आई राजा उदो उदो" म्हटलं, की घरातलं लहान पोरसुद्धा आत ओरडतं, "मम्मी, जोगवा आलाय!" मग घरातली बाई ओंजळभर धान्य आणून माझ्यात घालते. अशा पाच घरच्या धान्याची भाकरी होते आणि तिचा तुळजापूरच्या देवीला नैवेद्य दाखवतात. पाच घरी जायचं आणि भरून परत यायचं, एवढंच माझं काम.

मी बांबूची आहे. काशम्मा नावाच्या बुरडाच्या बाईनं मला विणलं. ती विणताना सारखी बोलायची, कधी माझ्याशी, कधी स्वतःशी. शेवटचा काठ बांधून झाल्यावर तिनं माझ्या बुडावर दोन चापट्या मारल्या. मी कुरकुरले नाही, तेव्हा म्हणाली, "जा, टिकशील." तिच्याकडून सरोजिनीबाईंनी मला घेतलं. त्या तेव्हा नव्या नवरी होत्या. त्यांनी मला तुळजापूरला नेलं, देवीच्या पायांशी ठेवलं, आत लाल खण अंथरला, हळदीकुंकवाचा करंडा आणि कवड्यांची माळ ठेवली. त्या दिवसापासून मी साधी टोपली राहिले नाही.

सरोजिनीबाईंचा एक नियम होता. परडी हातात असेपर्यंत स्वतःच्या घरासाठी काही मागायचं नाही. जिनं धान्य घातलं तिच्या कपाळाला कुंकू लावायचं, परडीतले चार दाणे तिच्या सुपात परत टाकायचे आणि तिच्या घरासाठी मागायचं, "आई, या घराला सुखी ठेव." त्यांचे यजमान गंगाधरराव शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळले होते, तेव्हाही त्या निघाल्या. पाच दारांत पाच घरांचं भलं मागितलं. घरी येऊन मला खुंटीला लावलं आणि मग तिथंच भिंतीला टेकून रडल्या. मला तेव्हा त्यांचं फार आश्चर्य वाटलं होतं. थोडा रागही आला होता, खोटं कशाला सांगू?

पुढे दिवस बदलले. आमच्या नवी पेठेमागच्या बोळात जुनी घरं पाडून इमारती झाल्या. काही दारांना आतून बघायचे भिंगाचे डोळे आले. आतून कुणीतरी बघतं, हे बाहेरून कळतं, आणि दार उघडत नाही. माझ्या विणीतली एक कांबट, म्हणजे बांबूची पट्टी, तुटली. सरोजिनीबाईंचा मुलगा इंद्रजीत म्हणाला, "आई, स्टीलची घेऊन टाकू की एक, धुवायला बरी." त्यानंतर त्याच्या हातात कसलीही पिशवी दिसली की तिच्यातून स्टील चमकतंय का, ते मी आधी बघायची.

पण आज मला माझी गोष्ट सांगायची नाही. इंद्रजीतच्या बायकोची, सृष्टीची सांगायची आहे.

सृष्टी बी.एस्सी. झालेली. माझ्याशी ती आदरानं वागे, पण लांबून. जोगव्याचं धान्य पुन्हा पुन्हा धुऊन घेई. तिचं सगळीकडे लक्ष. गॅसचं बटण, औषधावरची तारीख, गच्चीच्या दाराची कडी. चार वर्षांचा ओजस झोपला की ती त्याच्या छातीवर हात ठेवून बघायची. माझ्या खुंटीवरून मला ते सगळं दिसे. अशी ही मुलगी, आणि नेमकी ओजसच्याच जांघेत एक गाठ यायला लागली. रडला की फुगायची. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, लहान मुलांत होतो, भूल देऊन करायचं साधं ऑपरेशन आहे. बुधवार ठरला. सृष्टीनं 'साधं' हा शब्द ऐकलाच नाही. तिला फक्त 'भूल' ऐकू आली. भूल दिल्यावर मूल पुन्हा जागं होईल ना, हे ती मोबाइलवर शोधत राहायची आणि शोधून आणखी घाबरायची.

तिला आणखी एक भीती होती, ती कुणाला न सांगितलेली. मला मात्र ती माहीत होती, कारण त्या भांडणाच्या वेळी मी सरोजिनीबाईंच्या हातात जिन्यातच होते.

तळमजल्यावर नागव्वा राहते. गेल्या उन्हाळ्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, आणि आलं की नागव्वा नळाला मोटर लावायची. वरच्या मजल्यांवर थेंब चढायचा नाही. सृष्टीनं दोनदा सांगून बघितलं, मग महापालिकेत तक्रार केली. मोटर जप्त झाली. त्या दिवशी नागव्वा जिन्यात उभी राहून ओरडली होती, "माझ्या लेकीच्या तोंडचं पाणी काढलीस की गं! तुझ्या पोराचं देवीच बघंल!"

सृष्टीनंही काहीबाही ऐकवलं. त्यानंतर दोघी एकमेकींसमोरून गेल्या तर भिंतीकडे बघत. सरोजिनीबाईंनीही सुनेचा मान राखून मला त्या दारात न्यायचं थांबवलं. खरं म्हणजे साऱ्या बोळात नागव्वाची ओंजळ सगळ्यांत मोठी होती. गाठ निघाल्यापासून सृष्टीला ते शब्द आठवायचे. शिकलेल्या माणसानं असलं काही मानायचं नसतं, हे तिला कळत होतं. तरी आठवायचे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मंगळवार होता, आणि सोमवारी संध्याकाळीच सरोजिनीबाईंचा पाय पायरीवरून मुरगळला. घोटा सुजून भोपळ्यासारखा झाला. त्यांनी पलंगावरूनच सुनेला हाक मारली.

"सृष्टी, आज परडी तू घे."

"आई, उद्या ओजसचं ऑपरेशन आहे. आज राहू दे ना. शुक्रवारी बघू."

"व्हय, देवीला रजेचा अर्ज देऊ या की."

"चेष्टा नको ना आई. मला आज त्याच्याजवळ बसायचंय."

"त्येच्याजवळ मी हाय. माझा पाय सुजलाय, डोळं न्हाय. जा. दिवेलागणीच्या आत ये." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आन् नियम ध्यानात हाय न्हवं? परडी हातात असंस्तोवर आपलं काही मागायचं न्हाय."

सृष्टीनं मला उचललं. तिचे तळहात ओले होते.

पहिल्याच दारात शाळेत शिकवणारी इंद्रायणी होती. ती दार उघडून बघतच राहिली. "अगंबाई, सृष्टीवहिनी तुम्ही? परडीला स्कॅनर लावलाय का? फोनवरूनच टाकते जोगवा!"

"धान्यच घालतात हो," सृष्टी अगदी गंभीरपणे म्हणाली. इंद्रायणी हसत आत गेली, गहू घेऊन आली आणि हळूच विचारलं, "उद्याच ना?" सृष्टीनं नुसती मान हलवली.

दुसरं दार, तिसरं दार, चौथं दार. प्रत्येक ठिकाणी सृष्टी म्हणायची, "आई, या घराला सुखी ठेव." शब्द बरोबर होते, पण मन दुसरीकडे होतं. मला कसं कळलं? शब्द संपले तरी तिची बोटं माझ्या काठावर घट्ट होत जायची, आणि ती ओठांच्या आतल्या आत म्हणायची, "माझा ओजस जागा होऊ दे. माझा ओजस." नियम मोडत होता. मित्रांनो, मी तिला बोल लावला नाही. तुम्ही लावला असता का?

पाचवं दार मात्र मिळेना. दोन घरं अकलूजला लग्नाला गेलेली. एका दाराला भिंगाचा डोळा होता, तो काळा झाला, पुन्हा उजळला, दार उघडलं नाही. ऊन भिंतीवरून वर सरकून गच्चीच्या कठड्यापर्यंत गेलं. सृष्टीनं फोन लावला.

"आई, चारच झाली. आता कुठलंच घर उघडं नाही."

"नागव्वा हाय की."

"तिथं मी जाणार नाही."

"तू कुटं चाललीस? परडी चाललीया. तू निस्ती हात हाईस."

फोन बंद झाला. सृष्टी तळमजल्याच्या त्या दारासमोर उभी राहिली. तिनं मला छातीशी घट्ट धरलं. मलाही धडकी भरली होती. माझी तुटकी कांबट आणखी उसवली आणि दाणे सांडले तर? हिनं मला इथंच ठेवून पळ काढला तर?

"आई राजा उदो उदो." आवाज इतका बारीक, की मलाच जेमतेम ऐकू आला, म्हणून तिनं कडीही वाजवली.

दार उघडलं. नागव्वानं आधी मला बघितलं, मग सृष्टीला.

"सरोजिनीची परडी न्हवं ही?"

"हो."

"ती कुटं हाय?"

"पाय मुरगळलाय त्यांचा."

"अय्यो." तिनं सृष्टीच्या अनवाणी पायांकडे बघितलं. "आन् तू आलीस व्हय."

ती आत गेली. दार अर्धवट उघडं राहिलं. सृष्टी एक पाऊल मागे सरली. तेवढ्यात आतून नागव्वाची लेक सिद्धेश्वरी चौकटीशी आली. दिवस भरत आलेले. एक हात पोटावर, दुसरा चौकटीला. "बसता का?" असं तिनं विचारलं, आणि सृष्टीची नजर तिच्या पोटावर गेली.

नागव्वा सूप घेऊन आली. पांढरीशुभ्र ज्वारी, काठोकाठ. ती तिनं माझ्यात ओतली.

"मागल्या उन्हाळ्यात हिचं बाळ पोटातच गेलं," ती सुपाकडे बघत म्हणाली. "रगात थांबंना. धुण्याला पाणी लागायचं, म्हणून मोटर लावत हुते. सांगायचं कुणाला? तोंडाला येईल ते बोलले मी तुला. पोराला बोलले. ते बोललेलं मलाच खातंय यव्वा, रोज."

आणि तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि वाकली. सृष्टीपुढे नाही, माझ्यापुढे. त्या बोळात नागव्वाला कुणापुढे वाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिचं कपाळ माझ्या काठाला टेकलं.

आता सृष्टीनं नियमाचे शब्द म्हणायचे होते. तिनं कुंकवाचं बोट नागव्वाच्या कपाळाला लावलं, सिद्धेश्वरीच्या कपाळाला लावलं. सिद्धेश्वरी पोटावरचा हात काढत नव्हती. झोपलेल्या ओजसच्या छातीवर सृष्टीचा असाच हात असायचा. सृष्टीनं माझ्यातले चार दाणे उचलले, सुपात टाकले, आणि तिच्या तोंडून वेगळंच निघालं.

"आई, हिचं बाळ नीट येऊ दे. आधी हिचं बघ."

तिची बोटं माझ्या काठावर सैल होती. त्या दारात ओजसचं नाव आलंच नाही.

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर तिला ते कळलं. ती धावतच वर आली, मला देवघरापुढे ठेवलं आणि सासूच्या पलंगाशी मटकन बसली.

"आई, मी काय करून बसले! ओजससाठी काहीच मागितलं नाही. आणि वर 'आधी हिचं' म्हटलं. आधी हिचं! मग माझ्या ओजसचं कधी?"

सरोजिनीबाईंनी पलंगावरून हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला. मग त्यांना हसू आलं. "आगं येडे, तितं काय रेशनच्या दुकानावानी रांग असती व्हय? तिचं झालं म्हंजे तुझं मागं पडलं?"

"पण मला भीती वाटते."

"वाटू दे की. मला बी वाटतीया. पर ज्या कामाला देवी आज तुला घेऊन गेली, ते तू केलंस. आता तुझं काम तिला करू दे. दिवा लाव, दिवेलागण झाली."

सृष्टीनं दिवा लावला. हात जोडून ती बराच वेळ बसली. काही मागितलं की नाही, मला कळलं नाही. ओठ हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओजसला घेऊन सृष्टी आणि इंद्रजीत दवाखान्यात गेले. घरात सरोजिनीबाई, त्यांचा सुजलेला पाय आणि मी. वेळ जाता जात नव्हता. फोन वाजला तर तो कसल्याशा कर्जाचा निघाला आणि सरोजिनीबाईंनी त्या माणसाला असं झापलं, की मला एरवी हसू आलं असतं. पुन्हा वाजला, तेव्हा त्यांच्याच्यानं उचलवेना. शेवटी उचलला.

"आई, जागा झाला." सृष्टी हुंदके देत होती. "डोळे उघडले आणि रडायला लागला. किती छान रडतोय म्हणून सांगू!"

ऑपरेशन डॉक्टरांनी केलं. त्यांचे हात कुणी सांभाळले, ते मी सांगू शकत नाही. मी टोपली आहे. मला फक्त माझा काठ धरणारे हात कळतात.

शुक्रवार आला. सरोजिनीबाईंचा पाय अजून टेकत नव्हता. सृष्टीला कुणी सांगितलं नाही. तिनं माझी तुटकी कांबट सुतळीनं बांधली, ओजस झोपलाय ना ते जाऊन बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि मला घेऊन निघाली. भीती गेली होती असं म्हणू नका. तळहात ओलेच होते.

मित्रांनो, माझं आता किती राहिलं? सुतळी सुटेल, कधीतरी स्टीलची परडी येईल. येऊ दे. पण तुमच्या दारात कुणी परडी घेऊन आलं तर आत बसून भिंगातून बघू नका. दार उघडा, मूठभर धान्य घाला. आणि तुम्ही देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपली यादी थोडा वेळ बाजूला ठेवून देवाला आज आपल्याकडून काय हवंय, ते विचारून बघा. तो बहुतेक शेजारचंच एखादं दार दाखवेल. तिकडे जायला पाय कचरतील. कचरत कचरत जा.

त्या शुक्रवारी सृष्टी पहिल्या दारात उभी राहिली. इंद्रायणीनं गहू घातले आणि कुंकवासाठी कपाळ पुढे केलं. सृष्टीनं बोट करंड्यात बुडवलं आणि तशीच थांबली.

"ताई, आधी सांगा," ती म्हणाली, "तुमच्या घरात सगळं बरं आहे ना? देवीला काय सांगू?"

आणि सदा हसणारी इंद्रायणी उंबऱ्यातच खाली बसली आणि सांगू लागली.