नाकारलेला माल

ओतारी देवाला हातगाडीवर बांधत होता आणि त्याची म्हातारी आई दारात उभी राहून बघत होती. शत्रूचं सैन्य एका दिवसाच्या वाटेवर येऊन ठेपलं होतं, निम्मी गल्ली रिकामी झाली होती. टेकडीपलीकडे पोचलं तरच जीव वाचणार. गाडी एकच, आणि म्हातारीचे पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले. मग गाडीवर कोण बसलं? तर पितळेचा देव!

"आई, तू हळूहळू चालत ये," दोरी आवळत ओतारी म्हणाला.

"मी येते रे चालत. त्याला का नाही सांगत चालायला?"

ओताऱ्याने दोरीला आणखी एक गाठ मारली.

या देवाची सगळी कुळकथा म्हातारीला पाठ होती. बारा वर्षांपूर्वी तो मागच्या भट्टीत, एका श्रीमंत गिऱ्हाइकासाठी ओतला गेला. डावा पाय आखूड पडला, म्हणून गिऱ्हाइकाने घेतला नाही. फुकट घालवणं जिवावर आलं, तेव्हा ओताऱ्याने तो कोनाड्यात उभा केला, कलंडू नये म्हणून बुडाला चार खिळे ठोकले, आणि नेमकी त्याच आठवड्यात दोन मोठी कामं चालून आली. झालं! नाकारलेला माल देव झाला. वाडवडिलांच्या देवाने आपली मूर्ती करू नका एवढंच बजावलं होतं, तर त्याचं नाव घरात एकट्या म्हातारीच्या तोंडी उरलं. मूर्ती आतून पोकळ राहावी म्हणून साच्यात ठेवायचा गाभाही तिनेच मळला होता, अंगणातली माती, भुसा आणि शेण घालून. पोराने तो नंतर बाहेर काढायचाही कंटाळा केला. रोज सकाळी तो हात जोडून उभा राहिला की तिला हसू यायचं, आणि मग रडू.

रस्त्याला लागल्यावर देवाने छळ मांडला. आडवं निजवलं तर अपमान होईल, म्हणून त्याला उभा बांधलेला. दहा पावलं गेली की स्वारी डावीकडे झुकायची आणि ओतारी धावत जाऊन तिला सरळ करायचा. आई मागे गाडीची कड धरून पाय ओढत होती. मरणाची भीती तिला वाटत नव्हती. पोटच्या पोराने आपल्याला भट्टीतल्या मालामागे चालवलं, याचीच तिला लाज वाटत होती.

चढाच्या मध्यावर ती दगडावर बसली. पाय उचलेनात. मागे शहराच्या वेशीपाशी धूर दिसू लागला होता.

"तू थांब इथंच," ओतारी घाबरून म्हणाला. "देवाला पलीकडे पोचवतो आणि लगेच तुला न्यायला येतो."

"तोवर ते येतील." ती शांतपणे म्हणाली. "तीन वर्षांचा होतास, तापाने फणफणला होतास. तेव्हा याच चढावरून तुला पाठीवर घेऊन गेले मी. मी तुला वाहिलं, आणि माझ्या देवाने आम्हां दोघांना वाहिलं. तुझा हा कसला देव रे, याला तूच वाहतोयस?"

देव पुन्हा डावीकडे कलला. सवयीने ओताऱ्याने त्याच्या खांद्याला हात लावला आणि हात तिथेच थांबला. मग त्याने गाठ सोडली. देव धाडकन तोंडावर पडला, बूड उचकटलं आणि आतलं गाभ्याचं वाळलेलं ढेकूळ रस्त्यावर आलं. ढेकळावर चार बोटं उमटली होती. बारीक, वाकड्या करंगळीची. ओतारी त्या बोटांकडे बघत राहिला. मग त्याने आईचा तसल्याच वाकड्या करंगळीचा हात धरून तिला गाडीवर बसवलं.

"रागावला तर?" गाडी ओढता ओढता त्याने विचारलं.

"रागावला तर येऊ दे की मागून पळत."

वळणापाशी त्याने एकदा मागे पाहिलं. देव पडला तसाच पडून होता. ओतारी दमल्या आवाजात लहानपणीची प्रार्थना म्हणू लागला आणि दुसऱ्याच ओळीला अडला.

"बारा वर्षं विसरलास, आणि आता चढावर आठवतेय होय मेल्या!" आई गाडीवरून खेकसली. मग तिने डोळे पुसले आणि पुढची ओळ सांगितली.