बत्तीस उशांची उंची

बदलापूर गावातल्या आमच्या विहारात ध्यानाच्या बत्तीस उशा आहेत आणि त्यांची काळजी माझ्याकडे आहे. हे काम मला कुणी दिलेलं नाही, मी ते ओढून घेतलं. कारण गेल्या वर्षी राजूने आठ उशा कापसासकट वॉशिंग मशीनमध्ये टाकल्या. त्या आठवडाभर वाळल्या नाहीत, आणि ध्यानाला बसलं की श्वासाआधी वासच कळायचा.

माझी पद्धत सोपी आहे. पावसाळ्यातल्या वर्षावासाआधी, मे महिन्यात, अभ्रे काढून धुवायचे. आतली कापसाची खोळ मात्र धुवायची नाही. ती गच्चीवर उन्हात टाकायची, काठीने झोडायची, उलटी करून पुन्हा झोडायची. नवऱ्यावरचा रागही त्यात निघून जातो.

या वर्षी धुण्याच्या आदल्या रविवारीच गयामावशी म्हणाल्या, "यशू, माझी उशी मी घरीच धुते गं. उगा तुला ताप."

"नाही मावशी. नियम सगळ्यांना सारखा."

"अगं, पण..."

"पण नाही नि बिण नाही."

मला वाटलं, यांना माझ्या धुण्याचा भरवसा नाही. आणि माझ्या धुण्यावर कुणी शंका घेतली की माझं डोकं फिरतं.

धुण्याच्या दिवशी गच्चीवर आम्ही सहा-सात जणी होतो. मावशीही होत्या, कोपऱ्यात अभ्रे पिळत. त्यांची उशी उचलली तर भलतीच जड. मी चेन ओढली आणि कापसाच्या खोळीखालून साड्या निघाल्या. घट्ट घड्या घातलेल्या चार सुती साड्या.

बनूबाई हसल्या. "म्हणून मावशींचे गुडघे कुरकुरत नाहीत होय? मग खुर्ची काय वाईट आहे?"

विहारात भिंतीला लागून चार खुर्च्या आहेत. गुडघे संपले की माणूस तिथे जातो, आणि तिथे गेलेला परत खाली आलेला मी तरी पाहिलेला नाही. मावशी चौऱ्याहत्तर वर्षांच्या, पण त्यांची जागा खिडकीजवळ, सगळ्यांबरोबर जमिनीवरच.

मावशींनी साड्या गोळा केल्या, पिशवीत भरल्या आणि जिना उतरून गेल्या. पुढच्या रविवारी त्या आल्याच नाहीत. मला घास गोड लागेना.

सोमवारी मी त्यांच्या घरी गेले. चहा झाला तरी त्या उशीचं नाव काढेनात. शेवटी मीच म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. पण खुर्चीवर बसलं तर बिघडतं काय? पाठीला बरं."

त्या कपाकडे बघत म्हणाल्या, "गावच्या शाळेत मला दाराजवळ बसवायचे. एकटीला. बाकीची पोरं सतरंजीवर. कळतंय गं मला, ते वेगळं, हे वेगळं. पण पाठीला कळत नाही."

मोठी आले होते मी नियमवाली.

परत येताना मी बनूबाईंकडे थांबले आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात नऊ साड्या घेऊन हजर. म्हणाल्या, "जुन्या आहेत, पण धुतलेल्या आहेत. तू परत धुशीलच." मग आम्ही दोघी गल्लोगल्ली फिरलो. साड्या आल्या, चादरी आल्या, कुणीतरी दोन पडदेही दिले. सगळं धुतलं, वाळवलं, घड्या घातल्या आणि शनिवारपर्यंत बत्तीसच्या बत्तीस उशांत भरलं. प्रत्येक उशी चार बोटं उंच झाली.

रविवारी मी मावशींना हाताला धरून आणलं. आत येताच त्या मान खाली घालून थेट खुर्च्यांकडे निघाल्या.

"तिकडे कुठे? खाली बघा जरा."

त्यांनी बघितलं. राजूसुद्धा उंच उशीवर अवघडून बसला होता, गुडघे कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. बनूबाईंनी खिडकीजवळची उशी थोपटली आणि स्वतः बाजूला सरकल्या.

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हटलं.

मावशी बसल्या. उशी एकदा हाताने दाबून बघितली, चेन नीट लागलीय का तेही बघितलं. घंटा वाजली. मी श्वासाकडे लक्ष द्यायला हवं होतं, पण माझं लक्ष सगळं त्यांच्याकडे. पाठ ताठ, हात मांडीवर, चेहरा शांत. मला इतकं बरं वाटलं की रडूच यायला लागलं.

मावशी मिटल्या डोळ्यांनीच पुटपुटल्या, "यशू, डोळे मीट."