राजाची पिलं

सरकारनं गावाला एक बोकड दिला आणि तो मारोतराव पाटलाच्या दारात उतरला. यात नवल काहीच नव्हतं. गावाला काहीही मिळालं की ते आधी पाटलाच्याच दारात उतरायचं, मग ती बियाण्याची पोती असोत, फवारणीचा पंप असो, नाहीतर दुष्काळातली सुकडी. फरक इतकाच, की पाटलाच्या घराण्यात आजवर कोणी बकरी पाळली नव्हती. बकऱ्या गरिबानं पाळायच्या, असं ती माणसं मानायची. गावातल्या जवळजवळ सगळ्या बकऱ्या होत्या त्या नाल्यापलीकडच्या बौद्धपुऱ्यात. म्हणजे बकऱ्या एकीकडे आणि बोकड दुसरीकडे, अशी ही योजना होती.

त्यातल्या तीन बकऱ्या पंचफुलाच्या होत्या. पंचफुलाचा नवरा पाटलाकडे सालदार होता. तो वारल्यावर तीही काही वर्षं पाटलाच्या वावरात निंदायला जायची. तहान लागली की बांधावर उकिडवं बसायचं, ओंजळ पुढे करायची, आणि वरून कोणीतरी पाणी ओतायचं. मग तिनं एक पाठ, म्हणजे कोवळी बकरी, घेतली, तिच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. दूध घरात राहू लागलं, पाठीबोकडं रिठदच्या बाजारात जाऊ लागली, आणि एका सकाळी मुकादम बोलवायला आला तेव्हा पंचफुला म्हणाली, "माह्या बकऱ्या चाराले न्याच्या हायेत. पाटलाले सांग, मी येत नाही." आयुष्यात तिनं इतकं गोड वाक्य दुसरं उच्चारलं नव्हतं. बकऱ्या वर्षाला वीत राहिल्या तरच ते वाक्य टिकणार होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बोकडाबरोबर जीपमधून साहेब उतरले. पंचायत समितीकडून आलेले, पांढरी पँट घातलेले, बकरीला शेळी म्हणणारे. त्यांनी पारावर भाषण केलं. बोकड जातिवंत आहे, लांब कानांचा आहे, त्याच्या पैदाशीनं गावाचा उद्धार होईल. मात्र गावात गावठी बोकड राहता कामा नये, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. मग दवाखान्यातल्या पट्टीबंधकानं लोखंडी चिमटा काढला आणि पुऱ्यातले सगळे बोकड एका दुपारी खच्ची करून टाकले. पुऱ्यातल्या माणसांनी स्वतःहून धरून दिले. शिकलेला माणूस भल्यासाठी सांगतो आहे म्हटल्यावर ही माणसं नाही म्हणत नसत. पंचफुलानंही आपला काळा बोकड धरून दिला. रक्ताचा थेंब नाही की कातडीला चीर नाही; चिमटा आत कुठेतरी कटकन वाजला, तेवढंच.

पाटलानं सरकारी बोकडाला हार घातला आणि त्याचं नाव राजा ठेवलं. त्याला गोठ्यात बैलांच्या शेजारी जागा दिली, सरकीची ढेप आणि भिजवलेला हरभरा लावला. आल्यागेल्याला गोठ्यात नेऊन तो राजाचे कान मोजून दाखवायचा. बोकड का आणला आहे, हा प्रश्न सोडून त्या बोकडाबद्दल पाटील वाटेल तेवढा वेळ बोलू शकायचा.

पंचफुलाची बांडी बकरी माजावर आली. दिवसभर शेपूट हलवत ओरडत होती. पंचफुला तिला दोरीनं धरून पाटलाच्या गोठ्यापाशी घेऊन गेली.

"पाटील, बकरी फळवाची हाय."

मारोतराव राजाच्या पाठीवरून हात फिरवत होता. तो थांबला. "कोणाची?"

"माहीच."

"आता नाही जमत. त्याले अजून गावचं पाणी मानवाचं हाय."

"दोन महिने झाले, पाटील. अजून किती पाणी पाजता?"

"हे पाय पंचफुले," पाटील समजूत घालत म्हणाला, "हे असं जातिवंत जनावर कोणाच्याही बकरीवर सोडलं त त्याची जात बिघडते. शिवाय गोठ्यात आमचे देवाचे बैल हायेत. तुह्या बकऱ्या आत कशा घेऊ? चार लोकं काय म्हणतीन?"

छप्पन्न सालाआधी पाटलाचं ढोर मेलं की ते ओढायला पुऱ्यातल्या माणसांना याच गोठ्यात सन्मानानं बोलावलं जायचं. पुऱ्यानं ते काम सोडलं, तेव्हा हाच मारोतराव महिनाभर नाक मुरडत फिरला होता. आता मात्र जित्त्या बकरीनं त्याचा गोठा बाटत होता. पंचफुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोकड एकच आणि तो पाटलाच्या दावणीला; ती मूग गिळून परत आली. बांडीचा माज उतरला. पुऱ्यातल्या भागिरथाची बकरी अशीच परत आली, भिवाजीच्या दोन आल्या. सगळ्या पुऱ्यात चिमटा मारलेले बोकड मजेत लठ्ठ होत होते आणि बकऱ्या रिकाम्या फिरत होत्या.

बांडी पुन्हा माजावर आली, तेव्हा पंचफुला मागच्या दारानं गेली. पाटील अकोल्याला गेल्याचं तिनं ऐकलं होतं. मागच्या अंगणात पाटलीन तुळसाबाई वाळवण राखत बसली होती.

"पाटलीनबाई, पाटील नाहीत तोवर माही बकरी लावून घ्या. कोणाले समजत नाही."

तुळसाबाईनं इकडेतिकडे पाहिलं. मग ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "काय उपेग नाही वं पंचफुला. मी त्याले खच्ची करून घेतलं."

पंचफुलाला क्षणभर कळेचना. "कोणाले?"

"राजाले, आन् कोणाले? अवं, काय तो वास. मेला आपल्याच दाढीवर मुते आन् वट्यावर येऊन उभा राहे. हे दिवसभर त्याले कुरवाळत आन् त्याच हातानं ताटावर बसत. पाव्हणे यायचे बंद झाले. माही सून माहेरी जातो म्हणे. मांगच्या खेपेले हे बाहेरगावी गेले, तवा त्या चिमटेवाल्याले बलावलं. आता पाय कसा सुधरला. वास नाही, उड्या नाही. गरीब गाय झाला."

"पण बाई, त्याले पैदाशीसाठीच आणला होता ना."

"ते मले कोणी सांगतलं?" तुळसाबाई तडकली. "यायनं हार घातला, फोटो काढला, आन् लेंड्या उचलाले मले लावलं. आमच्या घरी एवढे बैल झाले, सारे खच्चीच. चांगलं जनावर खच्चीच असते. आन् यायले सांगू नको बरं. हे समजून राह्यले का वासाच्या साबणानं आंग धुतलं म्हणून फरक पडला."

तिचं तरी काय चुकलं म्हणा. पिढ्यान्‌पिढ्या औताच्या बैलांत वाढलेल्या घरात कामाचं जनावर म्हणजे खच्ची केलेलं जनावर, हा हिशेब सरळ होता. पंचफुलाला आधी हसू फुटलं. ती नाल्यापर्यंत पदर तोंडात धरून हसत गेली. नाल्यात उतरल्यावर हसू गेलं. आता साऱ्या गावात एकही धड बोकड नव्हता. पुऱ्याचे सरकारनं संपवले, सरकारचा पाटलीनबाईनं. आणि बकऱ्या अशाच भाकड राहिल्या तर पुढच्या हंगामात मुकादम येणार, आणि तिला बांधावर बसून पुन्हा ओंजळ पुढे करावी लागणार. तिला रडूच आलं. मग तिनं डोळे पुसले, घरून बाकीच्या दोन बकऱ्या सोडल्या आणि तिन्ही घेऊन मानोऱ्याकडच्या बाजूला असलेल्या मदनसिंगच्या तांड्याची वाट धरली.

तांडा डोंगराच्या पायथ्याशी होता. तिथपर्यंत जीप जात नव्हती, म्हणून तिथले बोकड शाबूत होते. मदनसिंगचा बोकड काळाकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा, आणि वास असा की तो येताच बकऱ्या आपोआप त्याच्या दिशेनं चालू लागल्या.

"तुमच्या गावात त मोठा बोकड आला म्हणे, बाई," मदनसिंग म्हणाला.

"आला. पाहाले लय चांगला हाय," पंचफुला म्हणाली.

ती तांड्यावर ओळखीच्या बाईकडे मुक्कामाला राहिली. दोन बकऱ्या फळल्या. तिसरीनं तेव्हा दाद दिली नाही.

चैताच्या तोंडाशी दोघींनी जुळी दिली. चार पिलं, काळीभोर, दोघांच्या कपाळावर पांढरा टिळा. पंचफुला त्यांना अंगणात उड्या मारताना पाहायची आणि मुकादमाला द्यायचं उत्तर मनात घोळवायची. नेमकी त्याच आठवड्यात साहेबांची जीप यायची वर्दी आली. साहेबांना राजाची पैदास पाहायची होती. मारोतरावाच्या तोंडचं पाणी पळालं. मग कोणीतरी त्याला पंचफुलाच्या पिलांची बातमी दिली आणि पाणी परत आलं.

"गावात दुसरा बोकड नाही," तो पारावर मोठ्यानं सांगू लागला. "मंग पिलं कोणाची? राजाचीच. सुटला असन एखाद्या रोजी दावणीतून."

साहेब आले. पाटलाच्या अंगणात खुर्च्या मांडल्या, राजाला झेंडूचा हार घातला. पंचफुलाला निरोप गेला, पिलं घेऊन ये. ती पिलं, त्यांच्या आया आणि तिसरी बकरीही घेऊन आली, कारण तिसरी आजच माजावर होती आणि घरी ओरडून दावं तोडत होती. साहेबांनी राजाचं तोंड पाहिलं, कान पाहिले. बोकडाच्या मागच्या बाजूला जावं असं त्यांना वाटलं नाही. मग त्यांनी काळं पिलू उचललं, पांढऱ्याशुभ्र राजाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वा. बापाची ठेवण अगदी स्पष्ट दिसते."

लोक मान खाली घालून उभे होते. हसू दाबणं अवघड जात होतं.

एवढ्यावर थांबला असता तर तो मारोतराव कसला. कौतुकानं तो चांगलाच चढला होता. "सायेब," तो म्हणाला, "बोकड माहा, खुराक माहा. आपल्याकडं बटईची रीत हाय. एकाची बकरी दुसऱ्यानं सांभाळली त पिलं निम्मी निम्मी. तसे चारातले दोन माहे."

बोकडाची बटई त्या मुलखात आजवर कोणी ऐकली नव्हती. पण साहेबांनी मान डोलावली. रीत म्हटलं की त्यांना ती जुनी आणि चांगलीच वाटायची. पाटलाच्या गड्यानं दोन पिलं उचललीसुद्धा. ती ओरडली आणि त्यांची आई पान्हावल्या सडांनी गड्याच्या मागे धावली.  पंचफुला साध्याच आवाजात म्हणाली.

"न्या ना, पाटील. तुमच्या बोकडाची हायेत त न्याच लागतीन. फक्त ही तिसरी रिकामी हाय, आन् आज माजावर हाय. सायेबासमोर राजाले सोडा. पुढच्या पिलायची बटई आत्ताच ठरून जाईन."

"उत्तम," साहेब म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

आता चार लोकं काय म्हणतील हे पाटलाला आठवलं नाही. त्यानं स्वतः राजाचं दावं सोडलं. बकरी शेपूट हलवत थेट त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. राजानं तिला हुंगलं. मग मान वळवली आणि गळ्यातला हार ओढून झेंडूचं एक फूल खाल्लं. बकरी पुन्हा फिरून समोर आली. राजानं दुसरं फूल खाल्लं. मारोतराव मागून ढुंगणाला रेटा देऊ लागला, तसा तो अंग सैल टाकून खाली बसला आणि रवंथ करू लागला. दारात उभ्या असलेल्या तुळसाबाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं पंचफुलाकडे पाहिलं, आणि दोन्ही हात जोडले.

बायकोचे ते जोडलेले हात मारोतरावानं पाहिले. राजाकडे पाहिलं. वाकून, आयुष्यात पहिल्यांदाच, बोकडाच्या मागच्या बाजूला पाहिलं. तिथं दोन सुकलेल्या सुपाऱ्या होत्या. त्यानं औताचे बैल जन्मभर हाताळले होते. त्याला दुसरं काही सांगावं लागलं नाही.

"सायेबाले सांगू का, पाटील, पिलायचा बाप कोण ते?" पंचफुला हळूच म्हणाली.

"पिलं खाली ठेव रे," मारोतराव गड्याला म्हणाला. मग घसा साफ करून साहेबांकडे वळला. "गरीब बाई हाय, सायेब. तिची पिलं तिलेच राहू द्या. राजा आज थकला हाय."

"मोठं मन आहे पाटलांचं," साहेब म्हणाले. त्यांनी पाटलाच्या अंगावर शाल घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचफुलानंही वाजवल्या, कारण चारही पिलं आता तिच्या पायांशी होती, आणि तेवढ्यासाठी राजाला बाप म्हणायला तिची हरकत नव्हती.

टाळ्या थांबल्यावर साहेब म्हणाले, "हे यश पाहून मला हुरूप आला आहे. मदनसिंगच्या तांड्याकडे रस्ता झालाय. परवा आम्ही तिकडे जाणार. तिथले सगळे गावठी बोकड खच्ची करून त्या शेळ्याही राजाकडेच पाठवू."

पंचफुलानं मनात हिशेब केला. खरं बोलावं, तर चारचौघांत नाक कापलेला पाटील तिच्यावर उलटणार आणि काही ना काही करून पिलं हिसकावणार; गप्प राहावं, तर पुढच्या साली पिलंच नाहीत. तिनं साहेबांच्या आनंदी चेहऱ्याकडे पाहिलं. सांगून उपयोग नव्हता. ज्याला पिलाच्या काळ्या कातडीत पांढरा बाप दिसला, त्याला काहीही दिसू शकत होतं.

तिनं पिलं आणि त्यांच्या आया भागिरथाच्या स्वाधीन केल्या, तिसरीला दोरी लावली आणि घरी न जाता उन्हातच तांड्याची वाट धरली. पोचली तेव्हा घशाला कोरड पडली होती. मदनसिंगनं तांब्या तिच्या हातात दिला. ती गटागटा प्यायली.

"मदनसिंगभाऊ, बकरी लावून घे, आन् मंग बोकड डोंगरात नेऊन बांध. परवा चिमटेवाले येऊन राह्यले."

"काहून? माह्या बोकडानं कोणाचं काय वाईट केलं?"

"वाईट नाही," पंचफुला म्हणाली. "सरकारनं त्याची पिलं पाह्यली. लय आवडली."